दांड्याकडची काळी कूज

फळांचे नमुने कसे आणायचे, याची यादी मी प्रयोगशाळेच्या दारावरच लावली आहे. चाळीसगावकडच्या आबांनी ती वाचली नव्हती. त्यांनी टेबलावर ठेवलेल्या केळीच्या फण्या चकचकीत होत्या. काळा पडलेला दांडा विळ्यानं छाटलेला.

"आबा, कूज कुठे आहे?"

"कापी टाकी ना ताई. सडेल माल तुम्हना टेबलवर कसा ठेवू? बठ्ठं धुईसन आनेल शे."

मला बुरशी हवी होती आणि आबांनी पाहुण्याला द्यावीत तशी केळी आणली होती. मी त्यांना परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी न धुतलेल्या फण्या आल्या. घड ज्या वाळक्या पानांवर ठेवून ट्रॅक्टरमधून नेतात, ती पानंही मी मागवली होती. आबा हसले, "आता कचरा बी तपासतस का?"

प्रश्न साधा होता. माल गाडीतून पोचेपर्यंत केळीचे दांडे काळे पडून कुजत होते. जळगावातले त्यांचे नेहमीचे व्यापारी, तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेल्या घराण्यातले शेठ, म्हणत होते की बागेलाच रोग आहे आणि पुढची कापणी ते घेणार नाहीत. करप्याची बुरशी असेल तर त्यांचं बरोबर, कारण ती बागेतच फळात शिरून बसते. कापलेल्या दांड्यातून शिरणारी बुरशी असेल तर बाग निर्दोष.

बशीत बुरशी वाढवली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली. बीजाणू रंगहीन, लांबट, एकाच कप्प्याचे. करप्याचेही असेच दिसतात. मी वहीत "करपा" लिहिलंसुद्धा. पण तपासणीच्या यादीत पुढची ओळ होती: वर्णपटाशी ताडून पाहणे. वाळवलेली चिमूटभर बुरशी अवरक्त किरणांच्या यंत्रावर ठेवली. पडद्यावर उमटलेला आलेख आमच्याकडच्या करप्याच्या आलेखावर बसेना. पुन्हा केलं. तेच.

इतक्यात शेठचा फोन. "मॅडम, बाग खराब आहे एवढं लिहून द्या, म्हणजे मी दुसरीकडे माल बघतो."

"आठवडा लागेल."

"आठवड्यात केळी पिकून जातात मॅडम!"

"मग पिकू द्या. मी कच्चं लिहून देत नाही."

दोन यंत्रांचं पटत नसेल तर घाई करायची नाही, हे मला पक्कं माहीत आहे. बशी तशीच ठेवली. आठव्या दिवशी तेच बीजाणू गडद तपकिरी झाले होते, मधोमध पडदा, अंगावर उभ्या रेघा. म्हणजे आधी पाहिले ते कोवळे होते. ही करप्याची नव्हे, दांडा कुजवणारी बुरशी. वाळक्या पानांवर वाढलेलीही तीच निघाली, आलेखसुद्धा जुळला. वहीतला "करपा" मी लाल शाईनं खोडला.

दोघांना समोरासमोर बसवून सांगितलं: बाग चांगली आहे. ताजा कापलेला दांडा वाळक्या पानांना टेकतो, तिथून कूज शिरते. पानांऐवजी फोमची चादर घाला.

आबा म्हणाले, "आमना बाप बी पानंच घाले."

"घालत असतील. तेव्हा माल गावातच खपायचा. आता चार दिवस गाडीत असतो."

शेठनी दांड्याचा आणि पानांचा असे दोन्ही आलेख एकावर एक धरून पाहिले. मग म्हणाले, "कापणी घेतो. पण त्या दिवशी मी स्वतः येऊन उभा राहणार."

"या शेठ," आबा म्हणाले, "जेवालेच या. चादर तुम्हीच लईसन या."