उरल्यासुरल्या लोकरीची दुलई

मंडळाच्या मैत्रिणींनो, हा कागद मी फळ्यावर मुद्दाम लावते आहे. ज्यांना खुपेल त्यांनी माझ्याशी येऊन बोलावं.

आज सून तान्ह्याला घेऊन माहेराहून श्रीरामपूरला आली. पोचवायला पारनेरच्या विहीणबाई होत्या. नातवासाठी मी क्रोशाची दुलई विणून ठेवली होती, नाना रंगांची, सगळी उरलेल्या लोकरीची.

"पहिल्या नातवाला उरलंसुरलं? आमच्यात न्हाई चालत," म्हणत विहीणबाईंनी दुलई बाजूला सारली.

मी विचारलं, "मग पाचवीला याला जुन्या लुगड्याचं टोपडं कुणी घातलं?"

"ते दृष्ट लागू नये म्हणून."

"मग या दुलईलाही दृष्ट घाबरेल की!"

सून खुदकन हसली आणि तिने पोराला दुलईतच गुंडाळलं.

लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत विणकामाच्या तासाला वीतभर दोरा टाकला तरी सिस्टर हातावर पट्टी मारायच्या. मी आता टाकणार आहे होय? तुम्हीही टाकू नका. लोकर रंगावर नव्हे, जाडीवर वेगळी करा, नाहीतर विणलेले चौकोन ओढले जातात. गुंडा दुधाच्या पावडरीच्या डब्यात ठेवून झाकणाच्या भोकातून टोक बाहेर काढा, म्हणजे तो कॉटखाली पळत नाही. सोबत कडुलिंबाचा सुका पाला टाका, म्हणजे कसर लागत नाही. सुया चष्म्याच्या जुन्या घरात ठेवा. सगळे चौकोन एकाच रंगाने जोडा. मी पांढरा घेतला, म्हणून दुलई ठिगळांची दिसत नाही.

निघताना विहीणबाई हळूच म्हणाल्या, "आमच्या धाकटीलाबी दिवस गेलेत. अशीच एक द्या की."

मी त्यांच्या हातात क्रोशाची सुई दिली. दुलई नाही.

सांगा, माझं काही चुकलं?