मोरुपची पूर्ण माळ

...आणि हे पण लिही कुनझेस, की मोरुप लहानपणी याकावरून धप्पकन पडला, तेव्हा उठून म्हणाला होता, "पडलो नाही, मी उतरलो." असा माणूस तो! माझ्या भावाचा मुलगा आहे म्हणून मी गप्प बसू होय?

तर वरच्या वेधशाळेतल्या बाईंनी आपल्या हानलेत चार-पाच घरांना दुर्बिणी दिल्या. पाहुण्यांना तारे दाखवा, म्हणाल्या. मोरुपला दुर्बीण मिळाली, तिला लावायचा कॅमेरा मिळाला. झालं! त्या दिवसापासून याकांचं शेण उचलताना त्याची कंबर दुखायला लागली. आता वाकायचं ते नुसतं दुर्बिणीपुढं!

बाईंची अट होती बरं का. लोसारच्या आत, म्हणजे आपलं नवं वर्ष लागायच्या आधी, मृगातल्या त्या धुरकट ढगाचा फोटो दाखवायचा, आणि ढगाच्या पोटातले चार इवले तारे सुटे सुटे दिसायला हवेत. नाही दिसले तर दुर्बीण दुसऱ्या घरी जाणार.

कॅमेऱ्याचा डोळा किती वेळ उघडा ठेवायचा, सगळी मेख तिथं. लॅपटॉपवर एक बटण दाबलं की डोळा उघडतो, दुसरं दाबलं की मिटतो. थंडीत मोबाईल तर मरूनच जातो, मग वेळ मोजायची कशी? मोरुपनं माळ काढली. एका मण्याला एक जप, असे एकशे आठ. फोटो निघाला तो मधोमध पांढरा फटक. सत्तूची मूठ फेकून मारल्यासारखा.

बाई म्हणाल्या, "मोरुप-ले, फार वेळ उघडा ठेवता तुम्ही. आधी एक काढून बघा. मध्य पांढरा पडला तर वेळ कमी करा."

"बाई, माळ अर्ध्यावर सोडता येत नाही. पाप लागतं."

"अहो, मग माळेवर मोजूच नका! आखूड आखूड शंभर काढा. लॅपटॉप त्यांची बेरीज करतो, फिकट धूर त्यातनंच वर येतो."

यानं मान डोलावली. माझ्या चुलीपाशी आला आणि या आत्याला म्हणतो कसा, "आने, शहरातल्या बाई त्या, त्यांना सगळ्याची घाई. तू चहा घुसळताना मध्येच थांबतेस का?"

"चहा घुसळून करपत नाही रे बाबा," मी म्हटलं. "तुझे तारे करपतायत."

ऐकेल तर शपथ. दुसऱ्या रात्री त्यानं दोन माळा ओढल्या! म्हणे, पुण्यही दुप्पट आणि उजेडही दुप्पट. फोटोत तारे कुठले, नुसतं घोंगडीवर दूध सांडलेलं.

असा महिना गेला. उद्या बाई येणार, म्हणजे हातात शेवटची रात्र. हवा अशी की नाकातलं पाणी गोठावं. मोरुपनं दुर्बीण रोखली, एक माळ केली, आणि बायकोला म्हणाला, "यांगझोम, जरा खाली बुखारीपाशी पाय शेकून आलो." शेकता शेकता घोरायला लागला की गं!

मी चहा घेऊन छतावर गेले, म्हणून मला माहीत. यांगझोम एकटी उभी. तिच्या मनगटावर एकवीस मण्यांची छोटी माळ. तेवढी केली तरी पूर्णच ना, पापबिप काही नाही. एक फोटो काढला, बघितला.

"आने, अजून मधे पांढरं आहे."

"मग?"

"मग जप भरभर म्हणते."

भरभर म्हटला, पुन्हा बघितला. चार तारे, मोहरीच्या दाण्यांसारखे, सुटे! मग तिनं त्याच वेगानं शंभर काढले. पहाटे तिला बोटं वळवता येत नव्हती.

सकाळी बाईंनी फोटो बघितला आणि खूश झाल्या. "कसं जमवलंत, मोरुप-ले?"

"अनुभव, बाई. वेळेचा अंदाज आतून यावा लागतो."

आतून! बुखारीच्या मागून! मी तोंड उघडणार तर यांगझोमनं चहा ओतता ओतता मला असं डोळ्यानं दटावलं. बाईंच्या वहीत दुर्बीण राहिली मोरुपच्या नावावर, आणि आता पुढचं शिकायला बाई त्यालाच लेहला नेणार आहेत.

यांगझोम बोलायची नाही. म्हणून तुला बसवून लिहायला लावलं. उद्या दूध द्यायला वर जाशील ना, तेव्हा हा कागद बाईंच्याच हातात दे. म्हणावं, माझ्या आजीनं, अबीनं सांगितलंय, वहीतलं नाव बदला आणि लेहला यांगझोमला न्या.