तापटपणा कोणाच्या वाट्याला?

“सर्वांत तापट कोण? परब. तापट कोण? परब. तापट कोण? परत परब!”

कोठारेसाहेब माझे कागद वाचत होते आणि प्रत्येक ‘परब’ला टेबलावर थाप मारत होते. ते आमच्या मिलचे पर्सोनेल ऑफिसर होते. मूळचे गिरगावातले, इंग्लंडला जाऊन सायकॉलॉजी शिकून आलेले. मी त्यांचा असिस्टंट, एम. ए. होऊन नुकताच नोकरीला लागलेला.

“दिघे, अरे साचेखात्यातला एकूण एक माणूस त्याचंच नाव घेतोय! असं अ‍ॅग्रीमेंट मी लंडनमध्येसुद्धा पाहिलं नाही!” असं म्हणून साहेबांनी केबिनमध्ये चक्क गिरकी घेतली. पन्नाशीचा, टाय लावलेला माणूस.

त्यांच्या आनंदाचं कारण आधी सांगतो. आमच्या शास्त्रात ‘गुणविशेष’ नावाची एक कल्पना आहे. तापट, शांत, आळशी, हट्टी असे स्वभावाचे गुण माणसाला कायमचे चिकटलेले असतात. तो घरी असो, मिलमध्ये असो, गावी असो, ते बरोबरच जातात. ते मोजायची एक रीत अशी, की स्वभावाचे शब्द घ्यायचे आणि बरोबरच्या माणसांना एकेकटं बोलावून विचारायचं, की यातला कोणता शब्द कोणाला लागू पडतो. एरवी उत्तरं इतकी भिन्न येतात, की निम्म्यांचं जमलं तरी आम्ही खूश. इथे सगळ्यांचंच जमलं होतं. तापट परब, आळशी तात्या, शांत शिवराम. कुठे ओरखडा नाही.

ही चाचणी आम्ही साचेखात्यात, म्हणजे कापड विणतात त्या खात्यात, नवा जॉबर निवडण्यासाठी घेतली होती. जॉबर म्हणजे कामगारांवरचा मुकादम. निदान मला तरी चाचणीचं कारण तेवढंच सांगितलं होतं. पण दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. आज काम, उद्या बंद, परवा मोर्चा. मॅनेजरांनी निकाल पाहिला आणि जॉबरचं नावही काढलं नाही.

“तापट मतलब लीडर,” ते म्हणाले. “आनेवाले बंद के पहले ये परब को गेट के बाहर करो.”

माझ्या आकड्यांमुळे परबच्या पोटावर पाय येणार होता. मला वाटलं, निदान हा ज्वालामुखी एकदा जवळून पाहावा. तो भोईवाड्यातल्या एका खानावळीत जेवतो असं कळलं. दिवसपाळी सुटल्यावर मी तिकडे गेलो.

हात धुवायच्या पिंपाशी रांग होती. तीत एक हडकुळा माणूस मागच्या प्रत्येकाला “जा, तू जा आधी” म्हणत पुढे सोडत होता आणि स्वतः तिथल्या तिथेच उभा होता. मी त्यालाच विचारलं, “गंगाराम परब कुठे भेटतील?”

“मीच तो,” तो म्हणाला, आणि उगाचच वर जोडलं, “माफ करा हां.”

मी नाव पुन्हा विचारणार होतो. इतक्यात खानावळ चालवणाऱ्या राधाबाई बाहेर आल्या. मालवणकडच्या, आवाज भोंग्यासारखा.

“ह्ये परीक्षावाले सायब मां? बसा हंयसर. आधी जेवा, मगे काय ता बोला.”

सोलकढीची वाटी संपेपर्यंत मी धीर धरला. मग विचारलं, “राधाबाई, हे गंगाराम तापट आहेत?”

सगळी पंगत हसायला लागली. एकाला तर ठसका लागला.

“तापट कोणाक तरी होऊकच होया ना?” राधाबाई म्हणाल्या. “तुम्ही एकेकाक विचारतलात असा कळला. एक काय बोललो, दुसरो काय बोललो, तर मिलवाले म्हणतले, ह्ये लोक खोटारडे. साचेखात्यातले सगळे हंयचेच जेवणारे, म्हणान आयतवारी गावमंडळाची मीटिंग घेतली हंयच. सगळे गुण वाटून टाकले.”

“वाटून?”

“मगे! शिवरामाचा लगीन ठरता हा. तेका तापट कसो करतलंव? पोरीकडच्यांक कळला तर? तेका शांत केलो. आळशीपणा तात्याक दिलो, तो आता रिटायर होतलो. गंगाराम काय, लगीन झालेलो, बायको गावाक. तेका तापटपणा दिलो तर कोणाचा काय वाईट होता?”

“आणि खोटारडेपणा?”

“तो कोण घेयना. मगे चिठ्ये टाकले.”

मला हसू आवरेना. आमच्या खात्याचं सगळं शास्त्र, कोठारेसाहेबांची ती गिरकी, आणि इकडे भाताच्या परातीशेजारी बसून यांनी दुर्गुणांच्या पाळ्या लावलेल्या! मी हसलो तशी पंगत पुन्हा हसली. गंगारामही हसला, तोंडावर हात धरून.

मग मी मॅनेजरांचं बोलणं सांगितलं. हसणं थांबलं.

“कोण काढता गंगारामाक? बघतंय मी!” कोणीतरी ताट आपटलं. तो शिवराम होता, आमचा शांत शिवराम. त्याला दोघांनी धरून खाली बसवलं. एक जण म्हणाला, गुण परत वाटू. दुसरा म्हणाला, तापटपणा सगळ्यांनी थोडा थोडा घेऊ. शेवटी गंगारामच हळूच म्हणाला, “सायब, तुम्हीच सांगा ना वर. तुम्हाला सगळं ठाऊक आहे.”

“उद्या सांगतो,” मी म्हणालो. मनापासून म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांच्या केबिनमध्ये गंगारामला बोलावलं. मी आधीच जाऊन उभा होतो. तोंड उघडणार, एवढ्यात कोठारेसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. “सर, हे सगळं काम या दिघेचं. याच्या जोरावर मी इंग्लंडला पेपर पाठवतोय. दिघेचं नावही घालतोय त्यात.”

माझं तोंड मिटलं.

गंगाराम आत आला, टोपी हातात घेऊन. मॅनेजरांनी त्याला कामावरून कमी केल्याचं सांगितलं. तो माझ्याकडे बघत होता. मी पंख्याकडे बघत होतो. तो वाट बघत राहिला. मी पंख्याकडेच बघत राहिलो.

“बोला ना!” तो ओरडला.

मॅनेजरांच्या टेबलावरच्या पेल्याचं झाकण हललं. “काल माझ्या पानाशेजारी बसून जेवलात! सांगतो म्हणालात! आता वाचा बसली काय? बोला!”

“पाहिलंत? पाहिलंत, सर?” कोठारेसाहेब आनंदाने जवळजवळ नाचायला लागले. “डिट्टो रिपोर्टप्रमाणे!”

दारातला पट्टेवाला तसाच साचेखात्यात धावला. गंगाराम परब ओरडला ही बातमीच तशी होती. खात्यातल्या कोणीही ती गोष्ट जन्मात पाहिली नव्हती. माणसं साचे बंद करून बघायला आली. हां हां म्हणता केबिनच्या काचेला नाकं चिकटली. कोणी मागच्याला खांद्यावर घेतलं होतं. “आमचो गंगाराम? खरा काय?” असं एकमेकांना विचारत होते. डोळे विस्फारलेले, तोंडं उघडी.

मॅनेजरांना आतून काय दिसलं? एका माणसाची एक हाक, आणि अख्खं खातं काम टाकून दाराशी हजर. त्यांनी कपाळ पुसलं. आवाज एकदम मधाळ केला.

“परब, बैठो. बैठो ना! गुस्सा क्या करने का?” मग आमच्याकडे वळून दबक्या आवाजात, “ये आदमी को बाहर नहीं निकालने का. इसको जॉबर बनाओ. अभी!”

गंगाराम जॉबर झाला. नोकरी वाचली, वर पगार वाढला. त्याच्या खात्यात पुढे आवाज चढला तो शिवरामचाच. कोठारेसाहेबांचा पेपर छापून आला. त्यात लिहिलं होतं, की चाचणीने ओळखलेला तापटपणा प्रत्यक्ष प्रसंगातही दिसून आला. हे उदाहरण मी स्वतः पुढे कॉलेजात कित्येक वर्षं शिकवलं. मुलांना फार आवडायचं. शिकवताना दर वेळी तो पंखा डोळ्यांपुढे यायचा.

म्हणून आता दुरुस्ती लिहितो. गंगाराम परब तापट नव्हते. त्यांना त्या दिवशी राग आला. राग यायला एक कारण होतं आणि ते कारण मी होतो. चाचणीचा त्यात काही संबंध नव्हता.

जॉबर झाल्याचे पेढे घेऊन ते माझ्या टेबलापाशी आले, तेव्हा मी माफी मागितली होती. ते पुन्हा पहिल्यासारखेच हळू बोलत होते.

“माफी कसली, सायब? तुम्ही गप्प बसलात म्हणून तर जॉबर झालो.” त्यांनी पेढा माझ्या हातावर ठेवला. “पण दुसऱ्या कोणाशी असं करू नका. प्रत्येकाच्या मागे काय अख्खं खातं धावत येत नाही.”

पुढे मी बऱ्याच ठिकाणी चाचण्या घेतल्या. एका खानावळीत जेवणारी दोन माणसं एका चाचणीत कधी घेतली नाहीत. आणि निकालाच्या दिवशी केबिनमध्ये मी सगळ्यांच्या आधी बोलत असे.