पातेल्यावरचा हात

जोसेफ रोहेकरच्या रिसोत्तोला रोह्यातल्या त्याच्या आळीने केव्हाच गुरगुट्या भात ठरवून टाकलं होतं. "आजाऱ्याचं जेवण ते! लोणी-चीज घातलं म्हणून काय पुलाव होतो?" असं शेजारचा दत्तात्रेय दर श्रावणात म्हणायचा, आणि दर श्रावणात दोन वाट्या चापून जायचा. जोसेफचा राग नाकाच्या शेंड्यावर. अठ्ठावीस वर्षं मालवाहू बोटींवर कुक म्हणून काढलेला माणूस तो. इटलीतल्या जिनोआ बंदरातल्या एका बुटक्या, शिवराळ उस्तादाने पाठीत बुक्के घालून घालून त्याला हा भात शिकवला होता. त्याला कोणी गुरगुट्या म्हटलं की जोसेफ पातेल्यावर झाकण आपटायचा. वाढायचा मात्र न चुकता.

उस्ताद हा भात कोंबडीच्या सुपात शिजवायचा. बेने इस्रायलाच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूच्या घरात ते कसं चालावं? दूध आणि मांस एका भांड्यात येणं धर्माला मंजूर नाही. ज्या पातेल्यात लोणी पडणार त्यात मांसाचा थेंब पडला असता, तर जोसेफच्या बायकोने, ज्युडिथने, पातेलं आणि नवरा दोन्ही अंगणात ठेवले असते. म्हणून जोसेफ भातात घालायच्या अळंबीचेच देठ मिरीदाण्यांबरोबर उकळून त्याचा रस वापरायचा. दारूऐवजी शब्बाथला, शुक्रवारी संध्याकाळी लागणाऱ्या विसाव्याच्या दिवसाला, करतात ते काळ्या मनुकांचं शरबत. तांदूळ आपला इथलाच, जाडा, आणि तोही न धुता. या न धुण्यावरून नवराबायकोचं लग्नानंतरचं पहिलं भांडण झालं होतं. ज्युडिथ तांदूळ गुपचूप धुऊन ठेवायची, आणि पहिल्याच घासाला पकडली जायची.

अळंबी आणायची कमळी. निडी स्टेशनच्या पलीकडे, रानाच्या कडेला कातकऱ्यांची वाडी आहे, तिथली ती. वीस वर्षं दोघांचं तेच चाललेलं. जोसेफ एकेक अळंबी उजेडात धरून बघायचा, तीन-चार तरी नाकारायचाच.

"शेट, सून पसंत करताव का भाजी घेताव?" कमळी विचारायची.

पण पारखायला शिकवलं होतं तिनेच. वारुळावरचीच घ्यायची. टोपीला मधोमध टोक पाहिजे. देठाला कडं असेल तर हात लावायचा नाही. कडंवाली खाऊन तिच्या वाडीतली दोन माणसं गेली होती. खाल्ल्यावर दिवसभर हसत-बोलत होती, आणि दुसऱ्या दिवशी संपली. हे तिने एकदाच सांगितलं होतं.

ज्युडिथ जाऊन चार वर्षं झाली. मुलगा डॅनियल इस्रायलला अश्दोदमध्ये. त्याची बायको सारा पेणची. तिला सहावा महिना लागला तशी ती माहेरी बाळंतपणाला आली आणि तिला सोडायला चार आठवड्यांची रजा काढून डॅनियलही आला. आला तो एकच धोशा घेऊन.

"बाबा, तुमचं इथे कोण हाय आता? अर्धी घरं कुलपात. चला माझ्यासंगती."

"माझ्या हातचं मी खातो," जोसेफ म्हणाला. "ज्या दिवशी माझ्या पातेल्यावर दुसऱ्याचा हात पडेल, त्या दिवशी तिकीट काढ. तोवर हा विषय नाय."

"शब्द?"

"शब्द."

बोलून तर बसला. पण पेणच्या डॉक्टरने वर्षापूर्वीच त्याला काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत येत नाही, उरली ती थेंब घालून सांभाळायची. उजवा डोळा गेलाच होता. डाव्याने माणसाचा आकार कळायचा, दार-खिडकी कळायची, हातातली वस्तू मात्र नाही. जोसेफने याची वाच्यता कुठे केली नव्हती. मिठाची बरणी, गॅसची खुंटी, विहिरीच्या पायऱ्या, सगळं त्याने मोजून ठेवलं होतं. भात झाला की नाही ते तर तो पूर्वीपासून कानानेच ओळखायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही मूठ त्याने तीन आठवडे मुलासमोर झाकून ठेवली होती. डॅनियलच्या जायला आता आठच दिवस उरले होते.

तेवढ्यात साराला डोहाळे लागले, आणि लागले तेही सासऱ्याच्या अळंबीच्या भाताचे. पेणहून निरोप आला, शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने येते, शब्बाथचं जेवण तुमच्याकडे.

शुक्रवारी सकाळी कमळी आलीच नाही. ती तापाने पडली होती. तिच्याऐवजी नवी सून स्वप्नाली टोपली घेऊन आली. जोसेफने एक अळंबी उचलली, सवयीने उजेडाकडे धरली. पांढुरका धूसर गोळा, बस. बाहेर ओसरीवर डॅनियल पेपर वाचत बसला होता.

"छान हायत गो," जोसेफ म्हणाला. "सगळ्या ठेव."

पोरगी खूश होऊन गेली. जोसेफने मग दार लोटून एकेका टोपीवर बोट फिरवलं. टोकं लागली, जिवात जीव आला. देठ मात्र दुपारी कामाला लागल्यावर जुडीने धरून भराभर कापले. चार वाजत आले होते. सूर्य मावळला की शब्बाथ लागणार, मग विस्तव पेटवायचा नाही. गाडी साडेपाचची. ताजा भात पानात पडला पाहिजे, म्हणून हिशेबाने पाच वाजता पातेलं चढवलं.

लोण्यात कांदा गेला. कांद्यावर तांदूळ. दाणे चटचटू लागले तसं शरबत ओतलं, घरभर मनुकांची वाफ कोंदली. लोण्यात परतून ठेवलेली अळंबी सगळी आत गेली. मग रसाची पहिली पळी. इथून पुढे सतरा-अठरा मिनिटं लाकडी डाव थांबवायचा नाही. रस आटला, तळ खरखरला की पुढची पळी. जोसेफ या कामात फार सुखी असायचा. डोळे लागतच नव्हते.

सहावी पळी झाली आणि त्याने चीजच्या वाटीसाठी डावा हात लांब केला. वाटी तिथे नव्हती. दुपारी पाणी प्यायला आलेल्या डॅनियलने ओट्यावरचं सरकवलं होतं. हात पडला तो कापलेल्या बुडख्यांच्या ताटात, आणि एक तुकडा बोटांत आला.

त्या तुकड्याला कडं होतं.

मऊ, पातळ, ओलं. देठाभोवती पुरतं फिरलेलं. जोसेफने ते अंगठ्याने वरखाली चाचपलं. उजव्या हाताने डाव फिरतच होता. हे बुडखं आहे तर याची टोपी कुठे आहे? टोपी पातेल्यात. देठ रसात. आणि रस अर्ध्याहून जास्त भाताने पिऊन टाकला होता.

डॅनियल ओसरीवर, दहा पावलांवर. "अरे, जरा बघ रे हे काय हाय," एवढंच म्हणायचं होतं. पण अळंबीची पारख ज्याने सगळ्या आळीला मिरवून दाखवली, तो अळंबी दुसऱ्याला दाखवतो कशाला? आज हे विचारलं की उद्या बाकीचं सगळं उघडं पडणार. मग हे घर, ही आळी, कुंडलिका नदीचा काठ, ज्युडिथची कबर, सगळ्याला रामराम. त्याने तुकडा मुठीत दाबून धरला.

आधी आपण खाऊन बघावं? काय उपयोग! विष उद्या कळणार आणि सारा घटकाभरात पानावर बसणार, पोटात पोर घेऊन. ओतून द्यावं? कारण काय सांगायचं?

मग त्याला कारण सापडलं. करपलं म्हणायचं. म्हातारा माणूस, लक्ष गेलं, लागलं तळाला. लोक हसतील, दत्तात्रेय तर वर्षभर हसेल. करपलेलं कोणी खात नाही आणि का करपलं याची चौकशीही कोणी करत नाही. अठ्ठावीस वर्षांत, वादळात बोट आडवी होत असतानासुद्धा, जोसेफच्या हातून पातेलं कधी लागलं नव्हतं. त्याने गॅस मोठा केला. डाव बाहेर काढून ओट्यावर ठेवला आणि बाजूला झाला.

तळ आधी खरखरला. मग तडतडला. प्रत्येक आवाजाला तो पळीकडे हात नेत होता आणि मागे घेत होता. रिकामा उजवा हात ओट्याच्या काठावर आपला आपण गोल फिरत होता. गोडसर लोण्याच्या वासात करपट धार शिरली तेव्हा त्याला लाज वाटली. कोणाची म्हणाल तर त्या बुटक्या उस्तादाची. तो केव्हाच मेला असेल.

"बाबा! अहो, लागतंय!"

डॅनियल धावत आत आला. त्याने गॅस बंद केला, डाव उचलला. "कुठे लक्ष तुमचं? नाय, नाय... वरचं वाचलंय. काय नाय झालेलं. वरचा काढून घेऊ."

"राहू दे ते. टाकून देऊ."

"टाकून? सारा उपाशी हाय दुपारपासून!"

जोसेफ पुढे काही बोलणार, तेवढ्यात त्याला पातेल्याच्या कडेला चमचा घासल्याचा आवाज आला. मग फुंकर. लहानपणापासून डॅनियलची हीच खोड होती. पातेल्यातला पहिला चमचा पळवायचा, आणि तोंड पोळू नये म्हणून तीन फुंकरा घालायच्या. एक. दोन.

जोसेफने अंदाजाने हात फेकला. चमचा भिंतीवर आदळला, गरम भात डॅनियलच्या हनुवटीवर आणि गळ्यावर उडाला.

"बाबा!"

"खाऊ नको! विषारी असंल. गेला का आत? थुंक! थुंक म्हणतो ना!"

"नाय गेला. पण झालं काय तुम्हाला?"

जोसेफने मूठ पुढे केली. तुकडा तेव्हापासून मुठीतच होता. "कडं हाय त्याला. कमळी म्हणते कडंवाली..." त्याला दम लागला. "मला दिसत नाय, डॅनियल. वरीस झालं. सकाळी मी अळंबी बघितली नाय. बघितल्यासारखं केलं."

डॅनियलने तो तुकडा घेतला. खिडकीपाशीसुद्धा जावं लागलं नाही.

"बाबा," तो हलकेच म्हणाला, "हे सोपट हाय. केळीचं सोपट. जुडी बांधली व्हती ना, ते एका देठाला राहिलंय."

जोसेफ स्टुलावर बसला. कमळीने जुड्या कधी बांधल्या नव्हत्या. तिची सून दुसऱ्या गावची, तिची पद्धत निराळी; टोपली उतरवताना जुड्या तिनेच सोडल्या असणार. अळंबी चांगलीच होती. पहिल्यांदा त्याला इतकं हलकं वाटलं की हसूच आलं. मग कळलं, की अळंबी चांगली आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि तरी चमचा पोराच्या ओठांशी जाईपर्यंत तो गप्प राहिला होता. हसू तिथेच गेलं.

डॅनियलने गळा पुसला. बापाच्या गुडघ्यापाशी तो उकिडवा बसला. "मी काय ऐकलं नाय," तो म्हणाला. "गॅस मोठा राहिला, एवढंच. मी कोणाला बोलणार नाय. तुम्ही ऱ्हावा इथे."

जोसेफ काही बोलण्याआधी ओसरीवर पावलं वाजली. सारा आली होती आणि तिच्या मागे डोक्यावरून शाल घेतलेली कमळी. निडीला ती त्याच गाडीत चढली होती.

"वास कसला येतोय?" साराने विचारलं.

"गॅस मोठा राहिला," डॅनियल म्हणाला.

कमळी जोसेफकडेच बघत होती. "सून सांगत आली, शेट छान बोल्ले, एक पन परत नाय दिली," ती म्हणाली. तापाने तिचा आवाज बसला होता. "वीस वरसांत असं झालं नाय. मी म्हनलं, शेटला कायतरी झालंय. म्हनून आले." तिने पानाचा पुडा ओट्यावर ठेवला. "ह्या मी सोता निवडल्यात."

सूर्य मावळायला अजून तास होता. जोसेफ उठला. दुसरं पातेलं हाताने चाचपून उतरवलं, लोणी टाकलं, कांदा टाकला. या वेळी चाचपणं लपवलं नाही. कमळीने ओट्याशी बसून अळंबी साफ केली. तांदूळ चटचटले, शरबत गेलं, पहिली पळी गेली. मग जोसेफने डाव पातेल्यातून काढला आणि डॅनियलपुढे धरला.

"घे."

डॅनियलने हात मागे घेतले. "तुम्हीच हलवा. मी पानं मांडतो."

"घे रे."

"बाबा, मी बोललो ना, मी काय ऐकलं नाय."

"मी बोललो ते मी ऐकलंय," जोसेफ म्हणाला. "शब्द म्हणजे शब्द. घे. भात थांबत नाय."

तळ खरखरू लागला. साराला यातलं काहीच कळत नव्हतं. "डॅनियल, घे ना," ती म्हणाली, "पुन्हा लागेल!"

डॅनियलने डाव घेतला. जोसेफने स्टूल ओढून पातेल्याच्या अगदी जवळ मांडलं आणि कान देऊन बसला.

"आता पळी घाल. पुरे. कडेने फिरव, कडेने." थोडा वेळ तो नुसता ऐकत राहिला. "हां. आता बरा आवाज येतोय. आणि विमानात खिडकीची जागा मागू नको माझ्यासाठी. बसू दे तिथे दुसऱ्या कोणाला तरी."