निम्मी भट्टी

आमचे हे मातीची शहरं घडवतात. धंदा सासऱ्यांचा, आणि अंगणातली भट्टी दोघा भावांत एकच. तिचं धुराडं पाळीपाळीनं साफ करायचं, हा सासऱ्यांचा नेम. ते गेले, नेमही गेला. काजळीत हात आम्ही घालायचे आणि माल धाकट्यांचा पक्का भाजायचा? कोणी सांगितलंय!

संग्रहालयाला एका बुडालेल्या साम्राज्याची राजधानी हवी होती. तिच्या वैभवाची प्रतिकृती आम्हाला दिली, पडझडीची धाकट्या भाऊजींना. ज्याची सरस ठरेल, त्याला पुढच्या सगळ्या दालनांचं काम. यांनी महालाची एकेक खिडकी सुईनं कोरली, रक्ताचं पाणी केलं. भाऊजींनी काय केलं? भिंती पाडल्या! त्याला काय अक्कल लागते?

धुराडं चोंदलेलं, आच कुठे लागली, कुठे नाही. दोन्ही कामांना तडे गेले. आमच्या महालाचा तडा यांनी कितीही बुजवला तरी उठून दिसायचा. भाऊजींच्या तटाला तस्सेच तडे, तर लोक म्हणतात, "वा, किती हुबेहूब!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

उद्घाटनाला सगळी गर्दी त्या पडझडीभोवती. माहिती देणाऱ्या बाई सांगत होत्या, "शत्रू आला तो शेवटी. आधी कालवा गाळानं भरला. वरच्या सुभेदाराला वाटे, मी उपसला तर पाणी खालच्याच्या शेतात जाईल. खालचा म्हणे, कालव्याचं तोंड त्याच्याकडे, त्यानंच उपसावा. पिकं गेली, सैन्याला दाणा मिळेना, ते पांगलं. तटाच्या विटा तर लोकांनीच उचलून घरी नेल्या."

"मूर्ख कुठले!" मी म्हटलं. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

दालनं भाऊजींना मिळाली. हे भरल्या ताटावरून उठले.

सकाळी जाऊबाई झाडू घेऊन दारात हजर. "ताई, आमचे हे म्हणतात, दादाशिवाय एवढं काम झेपायचं नाही. दोघं मिळून करू देत. धुराडं तेवढं आपण साफ करू या?"

बघा तोरा! म्हणजे थोरल्यानं आता धाकट्याच्या हाताखाली राबायचं? हे उठायला लागले, तसं मी त्यांना हात धरून खाली बसवलं.

"काम तुमचं, धुराडंही तुमचंच," मी म्हटलं. "आमच्या वाटणीची भट्टी आम्ही आजच काढून घेतो."

आणि घेतलीच. निम्म्या विटा मोजून दाराशी रचल्यात. बघू आता कशी भाजतात ती दालनं!

यांनी तेव्हापासून मातीला हात लावलेला नाही. भाजणार कुठे म्हणा.