खतपेटीचा वास

‘कुजणे’ आणि ‘सडणे’ ही क्रियापदे लोक बेधडक एकमेकांच्या जागी वापरतात. मी वापरू देत नाही. पाल्यापाचोळ्यात हवा खेळती राहिली, की त्याची माती होते, ते कुजणे. हवा कोंडली, की घाण सुटते, ते सडणे. भिवंडीतल्या आमच्या शाळेत नववीच्या मुलांनी खतपेटी बांधायला घेतली, तेव्हा हा भेद मी फळ्यावर लिहून दिला आणि त्या अपराधापायी पेटीची देखरेख माझ्याच, म्हणजे मराठीच्या शिक्षकाच्या, गळ्यात पडली. पेटीत जसे थरावर थर साचले, तसे तिच्याभोवती किस्सेही साचत गेले. शिक्षकदालनात ते अजूनही अधूनमधून खालवर केले जातात.

आराखडा सायलीचा. मानकोलीजवळ तिच्या घरची भातशेती होती, तिथे आता गोदाम आहे आणि तिचे वडील त्याच गोदामाचे रखवालदार आहेत. तिथल्या माल रचायच्या टाकाऊ लाकडी पॅलेट मागून आणून, फळ्यांमध्ये बोटबोट फटी ठेवून तिने पेटी उभी केली.

“एवढ्या फटी कशाला गं?” मुख्याध्यापिकांनी विचारले. त्यांना सारी शाळा मोठ्या बाई म्हणते.

“श्वास घ्यायला, बाई.”

“कुणी?”

“कचऱ्यानं. आज्यानं शिकवलंय मला. आता शेत न्हाय, मग दुसरीकडं कुठं करून बघू?”

बाईंनी परवानगी दिली. अट एकच. “वर्गापर्यंत वास आला, तर पेटी भंगारात.”

पहिल्याच आठवड्यात शिपाई रामभाऊंनी पेटीच्या झाकणाला कुलूप घातले. शाळेत ज्याला झाकण आहे त्याला कुलूप, हा त्यांचा जुना नेम. किल्ली खिशात घालून ते लग्नासाठी गणेशपुरीला गेले. दोन दिवस मुलांनी खिचडीच्या भाज्यांची देठे आणि साली पेटीभोवतीच रचून ठेवल्या.

ते परतल्यावर सायलीने विचारले, “मामा, कचरा कोण चोरतंय?”

“आजवर कुणी चोरला न्हाय, तो कुलपामुळंच.”

एके सकाळी एका मुलीची आई मला शोधत आली. “सर, आमची पोर कारल्याला शिवत नव्हती. आता रोज रिकामा डबा घेऊन येते. काय समजावलंत तिला?”

आहाराचे महत्त्व वगैरे काहीसे मी विनयाने पुटपुटलो. दुपारी पेटीचे झाकण उघडले. वरच्या थरात आठवड्याभराची कारली सुबकपणे पसरलेली होती.

सायलीच्या वर्गातल्या इम्रानच्या वडिलांचे कापड विणायचे लूम, म्हणजे यंत्रमाग, आहेत. लूमच्या खोलीत बाहेरचा वारा शिरला, की सूत कोरडे पडते आणि तुटते. त्यामुळे दिसेल ती फट बुजवायची, ही घरादाराची सवय. पेटीच्या फटी पाहून इम्रानला राहवले नाही. त्याने गोणीभर टाकाऊ धागे आणले आणि एकूण एक फट ठासून बंद केली. आपण उपकार केले, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

आठ दिवसांत वास वर्ग ओलांडून थेट मोठ्या बाईंच्या खोलीत पोहोचला. त्या म्हणाल्या, “पुढच्या सोमवारी मी येऊन बघेन. भंगारवाला माझ्यासोबतच असेल.”

सायली इम्रानवर उसळली. “तुला कुणी सांगितलं होतं रे?”

“अगं, हवा लागली की माल खराब होतो ना?”

“तुझा माल. माझा न्हाय.”

दोघांनी धागे उपसून फटी मोकळ्या केल्या. रोज शाळा सुटल्यावर ढीग तळापासून वर काढला, हलवला, पुन्हा भरला. ओल शोषायला कोरडे काही हवे होते. इम्रान पुन्हा एक गोणी घेऊन आला, तेव्हा सायली आडवी उभी राहिली. त्याने गोणीतला एक धागा काढून काडीने पेटवला.

“बघ, राख झाली. म्हणजे कॉटन. पॉलिस्टर असतं तर गोळी झाली असती. ते नाही कुजत.”

मी त्याच्या पाठीवर थाप दिली. क्रियापद अचूक होते.

सोमवारी मोठ्या बाई आल्या. मागे हातगाडीसह भंगारवाला. पेटीच्या एका बाजूला सायली, दुसऱ्या बाजूला इम्रान. रामभाऊंनी कुलूप काढले. बाई नाकाला पदर लावून वाकल्या आणि हळूहळू पदर खाली आला.

“हा तर अत्तराचा वास,” त्या म्हणाल्या.

भंगारवाला रिकामी गाडी घेऊन परत गेला.

इम्रानने पेटीत अत्तराची बाटली ओतून बाईंना फसवले, असा हा किस्सा आज शिक्षकदालनात सांगितला जातो. तो चुकीचा आहे. मी तिथे उभा होतो. पेटीत अत्तराचा थेंबही पडला नव्हता. बाईंनी स्वतः मूठभर खत उचलून हुंगले, ते परत पेटीत टाकले आणि मगच इम्रानला विचारले, “मग अत्तर कशाला?”

“आम्हा दोघांना लावायला, बाई. पेटीचा वास शुक्रवारीच गेला. आमचा जाईना.”