उषाताईंची शिडी

हैदराबादच्या चिक्कडपल्लीत हल्ली रंगारी शोधून सापडत नाहीत. शेजारच्या इमारतीतल्या योगिनीने दोनदा गडी फोडले, तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरी उषाताईंनी डोकं चालवलं. बिहारचे दोघे रंगारी सकाळी परांचीवर चढले की उषाताई वॉचमनला शिडी काढून कुलपात ठेवायला लावत. डबा आणि पाणी दोरीने वर जाई.

काल भर उन्हात एकाला उलट्या सुरू झाल्या. "अम्मा, नीचे उतारो," तो गयावया करू लागला.

"पैले दीवार पूरी करो," उषाताई छत्रीखालून शांतपणे म्हणाल्या.

संध्याकाळी योगिनीने फाटकाशी गाठून विचारलं, "तुमच्याकडे गडी टिकतात कसे हो?"

"माया लावावी लागते गं," उषाताई म्हणाल्या आणि शिडीचं कुलूप ओढून बघितलं.